नवी पाटी घ्यावी का?

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेकडे दहा टॅबलेट आहेत, २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीचे आयपॅड. करोनाच्या काळात एका माजी विद्यार्थ्याने ते दिले होते. आता माजी विद्यार्थ्यांच्याच संघाने साडेतीन लाख रुपये जमवले आहेत आणि 'मुलांना अद्ययावत साधने मिळावीत' म्हणून जुने दहा टॅबलेट देऊन नवे दहा घ्यावेत, असे संस्थेच्या मनात आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या नव्या आयपॅडची भारतातली सुरुवातीची किंमत होती ३४,९०० रुपये. दहाचे झाले ३,४९,०००. हिशोब इतका चपखल बसला की बैठकीत कोणी प्रश्नच विचारला नाही.

"विक्रेता म्हणतो, नवा पन्नास टक्के वेगवान आहे," मैत्रीण म्हणाली. "अगं, पण माझ्या वर्गाला पन्नास टक्के जास्त काय मिळणार, ते तू सांग. प्रयोगशाळेत चार सूक्ष्मदर्शक आहेत आणि त्यांतल्या एकाचीच भिंगे धड आहेत. मी आत्ता बोलले नाही, तर पुढे दहा वर्षे असे पैसे येणार नाहीत."

तिला मी फोनवर जे थोडे सांगितले, ते नीट आकडे घेऊन इथे मांडते आहे. असा प्रश्न आज ना उद्या अनेक शाळांपुढे येणार आहे. टॅबलेटला या लेखात मी पाटीच म्हणणार आहे. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही तोच आणि आपल्या मुलांच्या हातात तो शब्द जुनाच आहे.

प्रश्न नीट विचारू या

'नवी पाटी जुनीपेक्षा चांगली आहे का?' हा विक्रेत्याचा प्रश्न. त्याचे उत्तर जवळजवळ नेहमीच 'होय' असते, कारण चार वर्षांत काही ना काही सुधारतेच. शिक्षकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : 'वर्गातले काम आज नेमके कुठे अडते आणि ती अडचण नव्या पाटीने दूर होते का?' हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरे पुष्कळदा उलट येतात. कसे ते एकेक गुण घेऊन पाहू.

पन्नास टक्के म्हणजे किती?

कंपनीने नव्या पाटीची घोषणा करताना सांगितले की, २०२१ च्या पाटीतल्या ए१३ प्रोसेसरच्या तुलनेत नव्या ए१६ प्रोसेसरची एकूण कामगिरी 'पन्नास टक्क्यांपर्यंत' सुधारली आहे. या छोट्या वाक्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे वेग पन्नास टक्के वाढला म्हणून वेळ निम्मा होत नाही. ज्या कामाला तीन सेकंद लागत, त्याला दोन सेकंद लागतात. वेळ एक तृतीयांशाने वाचतो. वेग आणि वेळ व्यस्त प्रमाणात असतात, हे आठवीच्या मुलांना ठाऊक असते. जाहिरात वाचताना मात्र मोठी माणसेही विसरतात. शिवाय 'पर्यंत' हा शब्द आहेच. तो कमाल मर्यादा सांगतो, सरासरी सांगत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने एक साधा नियम मांडला. एखाद्या कामाचा एक भाग कितीही वेगाने केला, तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्याएवढाच मर्यादित राहतो. उदाहरण घेऊ. समजा, वर्गात दहा मुलांच्या हाती पाट्या देऊन पेशीविभाजनाची एक चलचित्रफीत सुरू करायला शंभर सेकंद लागतात. त्यांतले साठ सेकंद इंटरनेटवरून ती उतरायला, वीस सेकंद मुलांची बोटे योग्य जागी पडायला आणि वीस सेकंद पाटीच्या प्रोसेसरला लागतात असे धरू. नव्या पाटीत शेवटच्या वीसाचे सव्वातेरा-साडेतेरा सेकंद होतील. एकूण वेळ शंभरावरून त्र्याण्णववर येईल. पन्नास टक्क्यांचे सात टक्के झाले! आणि प्रोसेसर अनंत वेगाचा असता, तरी ऐंशी सेकंदांच्या खाली काही आपण आलो नसतो.

हे साठ-वीस-वीस आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या वर्गातले खरे आकडे काढायला एक सेकंद-काटा आणि दोन विद्यार्थी पुरेत. ते काढल्याशिवाय वेगासाठी पैसे खर्च करू नयेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इंटरनेटची जोडणी मंद असेल, तर पाटी बदलून काहीच हलणार नाही.

आणखी एक आकडा जाहिरातीत झळकतो. ए१३ हा सात नॅनोमीटर तंत्राने बनलेला, तर ए१६ चार नॅनोमीटर तंत्राने. विद्यार्थ्यांना वाटते की चिपवरचा कुठला तरी भाग खरोखरच चार नॅनोमीटर रुंद आहे. तसे नाही. एके काळी हा आकडा ट्रान्झिस्टरच्या एका प्रत्यक्ष लांबीशी जोडलेला होता. आता ते केवळ उत्पादनतंत्राच्या पिढीचे नाव उरले आहे. पिढी नवी म्हणजे त्याच कामाला वीज कमी लागते, हे खरे. त्याकडे आपण पुढे येऊ.

डोळ्याची मर्यादा

पडद्याच्या बाबतीत निर्णय घेणे सर्वांत सोपे आहे, कारण इथे मोजपट्टी आपल्या डोळ्यातच आहे.

सर्वसाधारण चांगल्या दृष्टीच्या माणसाला दोन बिंदू वेगळे दिसायचे, तर त्यांनी डोळ्याशी केलेला कोन अंशाचा सुमारे साठावा भाग तरी असावा लागतो. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता याच मापावर बेतलेला असतो. पाटी आपण साधारण चाळीस सेंटिमीटरवर धरतो. तेवढ्या अंतरावर अंशाचा साठावा भाग म्हणजे ०.११६ मिलिमीटर. चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, याहून लहान झाले की डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत.

आता इतिहास पाहू. २०१० आणि २०११ सालच्या पहिल्या दोन आयपॅडच्या पडद्यावर इंचाला १३२ चित्रबिंदू होते. म्हणजे एक बिंदू ०.१९ मिलिमीटरचा. तो डोळ्याच्या मर्यादेहून मोठा होता. अक्षरांच्या कडा, विशेषतः देवनागरीतली जोडाक्षरे आणि वेलांट्या, किंचित दातेरी दिसत. मार्च २०१२ मध्ये तिसरी पिढी आली आणि ही संख्या एकदम दुप्पट, इंचाला २६४ झाली. बिंदू ०.०९६ मिलिमीटरचा झाला. चाळीस सेंटिमीटरवरून तो ज्या कोनात दिसतो, तो अंशाच्या साठाव्या भागाच्या ०.८३ पट आहे. मर्यादा ओलांडली गेली. ज्याचे काम वाचनाचे होते, त्याने तेव्हा पाटी बदलली असेल तर ते समजण्यासारखे होते.

मग पुढे काय झाले? २०२१ च्या पाटीवर इंचाला २६४ बिंदू आहेत. २०२५ च्या पाटीवरही २६४ च. पडद्याचा कर्ण १०.२ इंचांवरून साधारण १०.९ इंचांवर गेला, त्यामुळे एकूण बिंदू सुमारे ३५ लाखांवरून ३८ लाख ७० हजार झाले, म्हणजे दहा-अकरा टक्के वाढले. पण अक्षराचा रेखीवपणा होता तेवढाच राहिला. दीप्तीही दोन्हींची सारखीच, ५०० निट. खिडकीजवळ बसलेल्या मुलाला पडद्यावर फळ्याऐवजी आकाश दिसते ही शिक्षकांची नेहमीची तक्रार. प्रतिबिंब कमी करणारा लेप जुन्या पाटीवर नाही, तसा नव्या पाटीवरही नाही. ती तक्रार सोडवायला मुलाची जागा बदलणे किंवा पडदा लावणे हेच उपाय राहतात.

कॅमेरा आणि वजन

मागच्या बाजूचा कॅमेरा आठ मेगापिक्सेलवरून बारावर गेला आहे. 'दीडपट' म्हणायला छान वाटते. पण मेगापिक्सेल हे क्षेत्रफळाचे माप आहे. बारकावा दिसतो तो लांबीच्या मापात. दीडचे वर्गमूळ १.२२. म्हणजे पानावरची शीर फार तर बावीस टक्के अधिक बारकाईने टिपता येईल, तीही भिंग तितके चांगले असेल तर आणि मुलाचा हात स्थिर असेल तर. याउलट सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर जुन्या पाटीचा कॅमेरा टेकवला, तर तीच शीर शंभरपट मोठी दिसते. मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतली तीन खराब भिंगे मला आठवली ती इथे.

वजन ४८७ ग्रॅमवरून ४७७ ग्रॅमवर आले आहे, म्हणजे दोन टक्के कमी. उचललेल्या वजनातला फरक हाताला कळायला तो साधारण दोन टक्के तरी असावा लागतो, असे एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या काळापासूनचे प्रयोग सांगतात. तेव्हा दहा ग्रॅमचा हा फरक कळण्या-न कळण्याच्या अगदी सीमारेषेवर आहे. पाटीवर जाड संरक्षक कवच चढवले की तोही हिशोबातून जातो.

विद्युतघटाचे काय?

'पाट्या जुन्या झाल्या' असे म्हणताना बहुतेकांच्या मनात विद्युतघट, म्हणजे बॅटरी, असते. ही तक्रार खरी असू शकते. लिथियम-आयन घट वापराने आणि वयाने क्षीण होतो. घटातल्या एका अग्रावर रासायनिक क्रियेने पातळ थर साचत जातो आणि वापरता येण्याजोगे लिथियम त्यात अडकून पडते. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. आयपॅडचे घट हजार पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के उरतील अशा बेताने बनवलेले असतात, असे कंपनीचे म्हणणे आहे.

शाळेत काय होते ते पाहू. वर्षाचे सव्वादोनशे दिवस आणि रोज अर्धा घट वापरला असे धरले, तर वर्षाला एकशे बारा-तेरा आवर्तने होतात. चार वर्षांत साडेचारशे. वयामुळे होणारी झीज वेगळी धरली, तरी एवढ्यात घट निकामी व्हायला नको.

पण अंदाज कशाला बांधायचा? मोजता येते. पाटी पूर्ण भारित करा, दीप्ती निम्म्यावर ठेवा, पाटीवरच साठवलेली एखादी चित्रफीत पुन्हा पुन्हा लावा आणि घट संपेपर्यंतचा वेळ नोंदवा. नव्या पाटीसाठी कंपनी दहा तास सांगते. जुन्या पाटीसाठीही तिने २०२१ साली दहाच सांगितले होते. आपल्या पाटीने सात तास दिले, तरी पस्तीस मिनिटांच्या सहा तासिकांसाठी, म्हणजे साडेतीन तासांसाठी, ते दुप्पट आहे. एखादी पाटी तीन तासांतच मान टाकत असेल, तर तिचा घट बदलावा. त्याचा खर्च नव्या पाटीहून बराच कमी असतो. मागची बाजू फुगलेली दिसली तर मात्र ती पाटी तत्काळ बाजूला ठेवावी, भारित करू नये आणि अधिकृत दुरुस्ती केंद्रात द्यावी. फुगलेला घट दाबला वा टोचला गेला तर पेट घेऊ शकतो.

मे महिन्याच्या सुट्टीत पाट्या पूर्ण भरून पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नयेत. निम्म्या भारित करून, बंद करून, गार कपाटात ठेवाव्यात. एवढ्याने घटाचे आयुष्य वाढते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आता विजेच्या बचतीचा हिशोब. जुन्या पाटीचा घट ३२.४ वॅट-तासांचा, नव्या पाटीचा सुमारे २८.९. दोन्ही दहा तास चालतात, म्हणजे नवी पाटी अकरा टक्के कमी वीज घेते. अभियांत्रिकी दृष्टीने हे कौतुकास्पद आहे. रुपयांत पाहा : रोज पूर्ण घट वापरला, तरी वर्षभरात साडेतीन वॅट-तास गुणिले ३६५, म्हणजे सव्वा युनिट वाचेल!

नवी पाटी जिथे सरस आहे

टीका करायची तर दोन्ही बाजू सांगायला हव्यात. नव्या पाटीत चार गोष्टी निश्चित चांगल्या आहेत.

साठवण ६४ जीबीवरून १२८ जीबी झाली आहे. शाळेत इंटरनेट बेभरवशाचे असेल आणि सर्व चित्रफिती पाटीवरच साठवून ठेवाव्या लागत असतील, तर हा फरक जाणवतो. कार्यकारी स्मृती दुप्पट झाली आहे, तीनवरून सहा जीबी. कंपनी हा आकडा जाहिरातीत देत नाही. एका वेळी दोन-तीन कार्यक्रम उघडे ठेवणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. जोडणीसाठी कंपनीची स्वतःची लायटनिंग पद्धत जाऊन सर्वत्र मिळणारी यूएसबी-सी आली आहे, त्यामुळे शिक्षकांच्या फोनची वायर चालते. आणि समोरचा कॅमेरा लांब बाजूवर आल्यामुळे पाटी आडवी ठेवून संवाद साधताना माणूस भलतीकडे पाहतो आहे असे वाटत नाही.

आता दुसरी बाजू. हेडफोनचे छिद्र नव्या पाटीत नाही. इंग्रजीच्या श्रवण-सरावासाठी शाळेने साधे हेडफोन घेतलेले असतील, तर प्रत्येकाला एकेक जोडणी वेगळी घ्यावी लागेल. जुनी कवचे बसणार नाहीत. कंपनीची पहिल्या पिढीची लेखणी असेल, तर तिलाही जोडणी लागेल. म्हणजे ३,४९,००० हा आकडा तिथेच थांबत नाही. आणि २०२४ पासून कंपनीने ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींची एवढी जाहिरात केली, त्या या पाटीवर चालत नाहीत. 'अद्ययावत' या शब्दाचा अर्थ बैठकीत कोणी विचारला, तर हे सांगायला हवे.

बदल करणे योग्य असते तेव्हा

नवे कधी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. आपल्याच देशातले एक उदाहरण आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' ही स्वस्त पाटी आणली. तिचा पडदा दाबावर चालणारा होता : दोन पातळ थर, दाबले की एकमेकांना टेकतात आणि रोधावरून जागा ठरते. त्याला नखाने किंवा काडीने दाबावे लागे, आणि एका वेळी दोन बोटांची खूण त्याला कळत नसे. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा. वर्षभराने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, 'आकाश-२' आली. या टप्प्यावर मुंबईच्या आयआयटीचा त्यात मोठा सहभाग होता. तिचा पडदा धारिता बदलून बोटाचा नुसता स्पर्श ओळखणारा होता आणि प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा.

हा बदल एका वर्षातला, आणि तरीही तो आवश्यक होता. कारण पहिल्या पाटीत काम अडत होते ते बोटाशीच. प्रत्येक कृतीत तीच अडचण येत होती आणि नव्या पडद्याने नेमकी तीच दूर केली. २०२१ ते २०२५ या चार वर्षांच्या बदलात अशी अडचण कोणती दूर झाली, असे विचारले तर मला तरी बोट ठेवता येत नाही.

पाटीचे आयुष्य कोण ठरवते?

अशा पाटीचा शेवट बहुधा पडद्याने वा प्रोसेसरने होत नाही. तो कार्यप्रणालीने होतो. कंपनी नव्या कार्यप्रणालीतून जुनी पाटी वगळते, मग सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात, मग एकेक कार्यक्रम 'आपले यंत्र जुने आहे' म्हणू लागतो.

१९९५ साली निक्लाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने एक लेख लिहून तक्रार केली होती की, यंत्रे जितक्या वेगाने गतिमान होतात, त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर अवजड होत जाते. मूळ कल्पनेचे श्रेय त्यांनी मार्टिन रायझर यांना दिले होते. आज तीस वर्षांनंतरही ही तक्रार जुनी वाटत नाही. जुनी पाटी 'हळू झाली' असे आपण म्हणतो तेव्हा तिचा प्रोसेसर पहिल्या दिवशी होता तसाच असतो. त्याच्या डोक्यावरचे ओझे मात्र वाढलेले असते.

घाईने नवे घेणाऱ्याचे काय होते, त्याचे उदाहरण वर आलेच आहे. तिसऱ्या पिढीची पाटी मार्च २०१२ मध्ये आली. चौपट बिंदूंचा पडदा उजळायचा, म्हणून तिचा घट २५ वरून ४२.५ वॅट-तासांवर न्यावा लागला. पाटी जाड झाली, पन्नास ग्रॅमने जड झाली आणि चालली मात्र पूर्वीइतकेच दहा तास. अवघ्या साडेसात महिन्यांत कंपनीने चौथी पिढी आणली. पुढे २०१६ मध्ये आयओएस १० ही प्रणाली आली तेव्हा दुसरी आणि तिसरी या दोन्ही पिढ्या एकदमच वगळल्या गेल्या, चौथी टिकली. म्हणजे २०११ ची पाटी ठेवणारा आणि २०१२ च्या सुरुवातीला ती बदलणारा, दोघे एकाच दिवशी थांबले. दुसऱ्याला वाचनासाठी चांगला पडदा मिळाला, हे खरे. आयुष्य मात्र वाढले नाही.

म्हणून शाळेने पहिली चौकशी करावी ती ही : आपल्या पाटीला नवी कार्यप्रणाली मिळते का? २०२१ च्या पाटीवर सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली आयपॅडओएस २६ चालते. ज्या दिवशी दुरुस्त्या थांबतील आणि वर्गातले लागणारे कार्यक्रम चालेनासे होतील, तो बदलाचा खरा दिवस. पैसे त्या दिवसासाठी राखून ठेवले, तर त्याच रकमेत तेव्हाची नवी पाटी मिळेल आणि तिचे पूर्ण आयुष्य पुढे असेल.

न दिसणारा खर्च

वर विजेचा हिशोब आपण केला. रोज पूर्ण घट वापरला, तरी जुनी पाटी वर्षाला बारा युनिट वीज घेते, भारित करतानाची गळती धरली तर थोडी अधिक. अशा लहान यंत्रांच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा ते आपल्या हाती येण्यापूर्वीच, खाणीत आणि कारखान्यात, खर्ची पडलेला असतो. त्यामुळे 'नवी पाटी वीज कमी खाते, म्हणून पर्यावरणाला बरी' हा युक्तिवाद पाट्यांच्या बाबतीत टिकत नाही. जुनी अधिक वर्षे वापरणे हाच इथे पर्यावरणाचा मार्ग.

२०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, असे संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे. त्यातला २२.३ टक्के एवढाच कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. भारतात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अदलाबदलीत शाळा दहा पाट्या विक्रेत्याच्या हाती देणार असेल, तर त्या पुढे कुठे गेल्या याची लेखी नोंद मागणे हा तिचा हक्क आहे. आणि मुलांची छायाचित्रे, नावे पुसल्याशिवाय तर एकही पाटी दाराबाहेर जाऊ नये.

माझे मत

२०२१ ची पाटी चांगल्या स्थितीत असेल, तर २०२५ च्या पाटीसाठी ती बदलू नये. साठवण भरली असेल तर आधी ती रिकामी करावी, घट संपला असेल तर घट बदलावा, इंटरनेट मंद असेल तर जोडणी सुधारावी. ज्या शाळेकडे एकही पाटी नाही आणि जिला पहिली घ्यायची आहे, तिने मात्र नवी घ्यावी, कारण तिच्यापुढे प्रणालीची अधिक वर्षे आहेत. तेव्हा माझी टीका पाटीवर कमी आणि बदलण्याच्या घाईवर अधिक आहे.

१९७२ साली अ‍ॅलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची कल्पना सविस्तर लिहून काढली, तेव्हा तसे यंत्र बनवणे शक्यही नव्हते. त्या कल्पनेत मूल नुसते पाहणारे नव्हते. ते यंत्राकडून स्वतःच्या मनातले काही करवून घेणारे होते. त्या दृष्टीने आपल्या जुन्या पाटीतले किती काम आपण करून घेतले आहे?

एकच प्रयोग सांगते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने 'फायफॉक्स' नावाचा मोफत कार्यक्रम बनवला आहे. त्यात आवाजावर सुरू होणारे आणि आवाजावरच थांबणारे घड्याळ आहे. दोन पाट्या पाच मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या पाटीजवळच्या मुलाने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळे सुरू होतात, दुसरे किंचित उशिरा. मग दुसऱ्या पाटीजवळच्याने टाळी वाजवायची. दुसरे लगेच थांबते, पहिले किंचित उशिरा. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे ध्वनीला दहा मीटर जायला लागलेला वेळ. पंचवीस अंश तापमानाला तो सेकंदाचे एकोणतीस सहस्रांश यायला हवा. पाटी सेकंदाला सुमारे ४८ हजार वेळा ध्वनीचा नमुना घेऊ शकते. दोन नमुन्यांमधल्या वेळात ध्वनी जेमतेम सात मिलिमीटर पुढे जातो. या प्रयोगाला याहून चांगली पाटी लागत नाही. दोन पाट्या मात्र लागतात.

मैत्रिणीला मी सुचवले की, बैठकीत तिने स्वतः भाषण करू नये. नववीच्या मुलांना आठवडाभर दहा पाट्या द्याव्यात. कोणती किती तास चालते, किती साठवण रिकामी आहे, पाठ उघडायला लागलेल्या वेळात इंटरनेटचा वाटा किती, याचा तक्ता त्यांनी करावा. शेवटच्या रकान्यात 'ही अडचण नव्या पाटीने दूर होईल का?' एवढेच लिहावे, 'होय' किंवा 'नाही'. आणि तक्ता संस्थेपुढे मुलांनीच मांडावा.

बैठक पुढच्या शनिवारी आहे. तक्त्याचे सहा रकाने तिने आखले आहेत आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांचे भावही मागवले आहेत.